धायरीची गृहभेट

मंडईच्या मागच्या बोळातलं ते चर्च दर रविवारी सकाळी साडेआठला उघडायचं आणि उघडणारी एकच होती, उल्का रणपिसे. वय एकसष्ट. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली, राहायला बिबवेवाडीत, नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला. मंडळीची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाची, सचिव तीच, घंटा वाजवणारी तीच, फुलदाणीतलं पाणी बदलणारीही तीच. या कामांना दुसरं माणूस उरलं नव्हतं.

तिच्या लहानपणी नाताळला शेजारच्या शाळेतून खुर्च्या आणाव्या लागायच्या. आता बावीस बाकांपैकी चार भरायचे. लोक देवाला विसरले, असं पाळक प्रवचनात सांगायचे. खोटं होतं ते. लोक कंटाळून गेले. पंचांच्या निवडणुकीत कुणाचा मेहुणा पडला यावरून दोन घराणी बारा वर्षं कोर्टात भांडली. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला एकमेकांच्या शेजारी गुडघे टेकायला तयार होईनात. त्यांच्या पोरांनी हे सगळं डोळ्यांनी बघितलं. मग ती पोरं बाणेरला हॉटेलच्या हॉलमध्ये गिटारवर इंग्रजी गाणाऱ्या फेलोशिपच्या प्रार्थनेला गेली, नाहीतर कॅनडाला गेली, नाहीतर रविवारी दहापर्यंत झोपायला लागली.

उल्काचा सौमित्र झोपणाऱ्यांतला. एकदा तिनं चिडून कारण विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "आई, मी विरोधात नाहीये गं. मला आत काही वाटतच नाही." पोरगा भांडला असता तर ती भांडली असती. पण या उत्तराला काय करायचं?

जानेवारीत, सगळ्या मंडळ्यांचा कारभार बघणाऱ्या वरच्या कचेरीचं पत्र आलं. मार्चच्या पहिल्या रविवारी दोन जण पाहणीला येतील. उपासनेला तीसपेक्षा कमी माणसं असली तर ही मंडळी कँपातल्या मंडळीत जोडली जाईल आणि 'इमारतीबाबत यथावकाश विचार होईल'. मंडईला लागून चार गुंठे जागा. तिचा विचार कोण करणार आणि किती मजली करणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

उल्कानं फोन हातात घेतला आणि नावांची जुनी यादी घेऊन बसली. वाघोली, वानवडी, पिंपळे सौदागर, जिथं जिथं जुनी घरं पांगली होती तिथं तिथं तिनं विनवलं, टोमणे मारले, एकाला तर त्याच्या बापाच्या प्रेतयात्रेला कोण कोण खांदा द्यायला होतं तेही ऐकवलं. दीड महिन्यात चौतीस जण हो म्हणाले. फक्त त्या एका रविवारी, पण हो म्हणाले.

याच दरम्यान, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, तो आला.

पंचविशीतला पोरगा, दाढी राखलेली, मनगटात लाल धागा, बुलेट बोळात लावून आत आलेला. दाराशी बूट काढले आणि शेवटच्या बाकावर बसला. प्रार्थनेला सगळे उभे राहिले तरी हा बसूनच. गाणं सुरू झालं तसा त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि समोर धरला.

या मंडळीनं वीस वर्षं दर रविवारी एक प्रार्थना न चुकता केली होती, की प्रभू, नवे लोक आण. आणि प्रभूनं एक आणून बसवला तर सगळ्यांच्या माना ताठल्या. पेटी वाजवणाऱ्याचा सूर चुकला. कारण मोबाइलवर सगळ्यांनीच बघितलं होतं. कुठल्या कुठल्या गावांत असेच कुणी येऊन बसले, चित्रण केलं, आणि पुढच्या रविवारी पन्नास जण घोषणा देत दारात. धर्मांतराची तक्रार, पोलीस, पाळक चौकीत. कायदा कडक होणार असल्याची भाषा रोज पेपरात. पुण्यात असं होत नाही, असं सगळे एकमेकांना सांगत होते. ज्याला सांगत होते त्याला ते पटत नव्हतं आणि सांगणाऱ्यालाही.

उपासनेनंतर उल्कानं रिवाजाप्रमाणे पाहुण्यांची वही पुढे केली. त्यानं नाव लिहिलं, विश्वजीत, खाली धायरीचा पत्ता आणि फोन नंबर. अक्षर चांगलं होतं. शाळामास्तरीण असल्यानं तिनं तेवढं बघितलंच.

तो दुसऱ्या रविवारी आला, तिसऱ्या रविवारी आला. दर वेळी तोच बाक, दर वेळी गाण्याला मोबाइल वर. कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या रविवारी उल्कानं धीर करून फाटकात विचारलं, "तुम्ही का येता हो इथं?"

त्यानं जरा विचार केला. "इथं बसलं की डोकं गप होतं," म्हणाला आणि बुलेटला किक मारली.

हे उत्तर खरं असेल असं कुणाला वाटलं नाही. पाळक ज्ञानदेव उमाप तीन मंडळ्यांचा गाडा एका स्कूटरवर ओढणारे, हाडाचे भित्रे आणि स्वभावाने चांगले. ते म्हणाले, "बाई, याला एकदा नीट विचारा तरी, किंवा येऊ नको म्हणून सांगा तरी." मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या कांताबाई म्हणाल्या, "येऊ नको कसं म्हणायचं? घर बघितलं की माणूस कळतो. आणि तीन रविवार झालेत. जायलाच पाहिजे."

हा त्या मंडळीचा शंभर वर्षांचा रिवाज. जो तीन रविवार सलग येईल त्याच्या घरी महिन्याच्या आत दोघींनी जायचं, चहा प्यायचा, घरच्यांची विचारपूस करायची. गेल्या नऊ वर्षांत तीन रविवार सलग कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे रिवाज पेटीत ठेवलेल्या साडीसारखा घडी घालून पडला होता. कांताबाईंना तो बाहेर काढायची घाई झाली. त्या अठ्ठ्याहत्तरच्या. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं खाटेखाटेपाशी जाऊन पेशंटांसाठी प्रार्थना करायचं काम केलेल्या.

चौथ्या रविवारीही तो येऊन बसला, आणि पाहणीच्या रविवारच्या आधीच्या बुधवारी दोघी रिक्षानं धायरीला निघाल्या. उल्काच्या मनात एकाच वेळी दोन हिशोब चालले होते. पोरगा खबऱ्या असेल तर रविवारच्या आत कळलेलं बरं. आणि नसेल तर तो पस्तिसावा. पन्नाशीच्या आतला एकमेव चेहरा.

घर समोर आलं. दोन मजली बंगला, गच्चीवर भगवा, दारात दोन पांढऱ्या गाड्या आणि फाटकावर फ्लेक्स, 'संभाजीदादा, प्रभागाचा हक्काचा माणूस'. विश्वजीतचा थोरला भाऊ. उल्का रिक्षातून उतरेना. "कांताबाई, माघारी फिरू या."

"आता दारात आलोय," कांताबाई म्हणाल्या आणि उतरल्यासुद्धा.

घरात फक्त आई होती. शकूबाई. साधी, नऊवारी नेसलेली, जमीन विकून बंगला झाला तरी स्वयंपाकघरातच बसणारी बाई. तिनं कोण, कुठल्या हे नीट विचारलंही नाही. विश्वजीतच्या ओळखीच्या म्हटल्यावर "बसा, च्या ठिवते," एवढंच. मग बोलायला लागली ती थांबेना. नवरा गेला त्याला वर्ष झालं. तेव्हापासून धाकटं पोरगं झोपत न्हाई. डॉक्टर झाले, अंगारा झाला, गाणगापूर झालं. "आता महिनाभर झाला, बरं हाय. मोबाइलवर काय तरी भजन लावतंय, पेटी अन् तबला. त्येच्यावर झोपतं. मला काय कळत न्हाई त्यातलं, पर ग्वाड हाय. तुमच्याकडचं का ते?"

उल्काच्या डोळ्यात पाणी आलं. गाणं झोपायला नेत होता पोरगा. खबऱ्या नव्हता, कुणाचा हस्तक नव्हता. महिनाभर ज्याच्या धाकानं बावीस बाकांचं चर्च श्वास रोखून बसलं होतं, तो झोपेसाठी येत होता. तिनं शकूबाईंचा हात हातात घेतला. "हो, आमच्याकडचंच," म्हणाली. महिनाभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

चहा संपला. उठायची वेळ झाली. आणि कांताबाईंनी आयुष्यात ज्या गोष्टीशिवाय एकही घर सोडलं नव्हतं, एकही खाट सोडली नव्हती, ती त्यांनी सुरू केली. "एक शब्द प्रार्थना करू या," म्हणाल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत डोळे मिटले. उल्कानं त्यांना कोपरापाशी चिमटा काढला. म्हातारीला कळलंच नाही. शकूबाईंना घरात कुणी देवाचं नाव घेतलं की एकच करायचं माहीत होतं. त्यांनी डोक्यावर पदर ओढला, हात जोडले आणि मान वाकवली. त्या वाकलेल्या मानेवर कांताबाईंनी दवाखान्यातल्या सवयीनं हात ठेवला. आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, प्रभू, तुझ्या मंडळीत आलेल्या या विश्वजीतला धर, या माऊलीला धर, या घराला आपलं कर.

त्यांना फक्त आशीर्वाद द्यायचा होता. तीस वर्षं त्या हेच शब्द सगळ्यांना म्हणत आल्या होत्या.

आमेन झालं. उल्कानं डोळे उघडले. दारात एक चाळिशीचा माणूस उभा होता, फ्लेक्सवरचाच चेहरा, पांढरा शर्ट, हातात मोबाइल, मोबाइल समोर धरलेला.

"झालं का," त्यानं विचारलं, "का अजून हाय?"

संभाजीनं मोबाइल खाली केला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. आईला आत जायला सांगितलं. मग या दोघींना अगदी आदरानं विचारलं, आपण कुठल्या, चर्च नेमकं कुठं, रविवारी किती वाजता असतं. कांताबाईंनी भाबडेपणानं सगळं सांगितलं, मंडईतून कुठल्या बोळात वळायचं तेसुद्धा.

"छान," संभाजी म्हणाला. "आपण आमच्या घरी आलात, आता आम्ही तुमच्याकडं येऊ. दर्शनाला. रिक्षा बोलावू का?"

रिक्षा त्यानं खरंच बोलावली. भाडंही दिलं. सिंहगड रोड संपेपर्यंत उल्का वळून वळून मागे बघत होती.

संध्याकाळी सातला सौमित्रनं कंपनीतूनच व्हिडिओ पाठवला. बावीस सेकंद. डोक्यावर पदर घेतलेली एक हिंदू म्हातारी, तिच्या डोक्यावर दुसरीचा हात, 'या घराला आपलं कर', आणि मागे डोळे मिटून उभी असलेली उल्का. खाली लिहिलेलं, 'धायरीत हे चाललंय. जागे व्हा.' आणि सौमित्रनं विचारलेलं, 'आई, ही तू आहेस का?'

तो फोन करत राहिला, ती बघत राहिली.

गुरुवारी सकाळपासून ते चौतीस जण गळायला लागले. भ्यालो असं एकानंही म्हटलं नाही. कुणाचा गुडघा धरला, कुणाच्या सोसायटीची मीटिंग निघाली, कुणाच्या सुनेला नेमकं रविवारीच माहेरी जायचं होतं. एकानं तर सरळ सांगितलं, "उल्काताई, तुम्हाला कुणी सांगितली होती ही दुर्बुद्धी? आम्ही इथं सोसायटीत पाटीवर आडनावसुद्धा लावत नाही." त्याचा राग खरा होता. तिनं फोन ठेवला आणि यादीतल्या नावावर रेघ मारली. शनिवारपर्यंत यादी रेघांची झाली.

पाळकांनी पोलिसांत जायचं का विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, की आपण होऊन चौकीत जाणं म्हणजे आपलं नाव आपणच नोंदवणं. पाहणी पुढे ढकलायची का विचारलं, तर कचेरीतून निरोप आला की तारीख ठरली ती ठरली. मग त्यांनी सुचवलं, दार आतून लावून उपासना घेऊ.

"आणि घंटा?" उल्कानं विचारलं.

"घंटा राहू द्या या वेळी."

प्लेगात आणि करोनात बंद राहिलं तेवढं सोडलं तर त्या घंटेचा रविवार चुकला नव्हता. उल्का हो म्हणाली. आपण इतक्या पटकन हो म्हणालो याचं तिला घरी आल्यावर आश्चर्य वाटलं. घाबरलेला माणूस दिसायला समजूतदारच दिसतो.

रविवारी ती आठलाच पोचली. मंडईत नेहमीचा कालवा, कोथिंबिरीचे ढीग, हमालांची ओरड. रोजचे चेहरे तिला त्या दिवशी रोजचे वाटेनात. बोळाच्या तोंडाशी चार पोरं चहा पीत उभी होती. त्यातल्या एकानं तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. किल्ली कुलपात जाईना.

माणसं आली नऊ. तिच्यासकट नऊ. कांताबाई आल्या, पेटीवाला आला, बाकीचे ज्यांना घरी बसायचीही भीती वाटत होती असे म्हातारे. कचेरीचे दोघे आले. एक फाइल घेतलेले वयस्क गृहस्थ आणि एक कारकून. गृहस्थांनी रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली, घड्याळ बघितलं आणि घंटा का झाली नाही ते विचारलं. पाळक म्हणाले, दोर तुटलाय. नवाच्या ठोक्याला उल्कानं दार लावून घेतलं.

पहिलं गाणं हळू आवाजात झालं. इतक्या हळू की पेटीचा भाता जास्त ऐकू येत होता. पाळक प्रार्थनेला उभे राहिले आणि तेवढ्यात बोळात बुलेटचा आवाज आला.

पाळक मधल्या शब्दावर थांबले. एक म्हातारे बाकाखाली वाकले, जणू काही पडलं आहे ते शोधतायत. आवाज जवळ आला, फाटकापाशी आला, बंद झाला. मग पायऱ्यांवर पावलं. एकाच माणसाची, पण कान तेव्हा मोजायच्या स्थितीत नसतात. दारावर थाप पडली. सगळे उल्काकडे बघत होते. किल्ली जिच्याकडे तिनंच जायचं.

तिनं कडी काढली आणि दार हातभर उघडलं. विश्वजीत उभा होता, एकटाच. डोळे तांबारलेले, चार दिवस झोपला नसावा.

"मॅडम, आज दार का लावलंय?"

"तुम्ही जा," ती कुजबुजली. "तुमच्या भावानं..."

"ते कळलं मला. माझं लय भांडण झालं त्याच्याशी. मोबाइल फोडला त्यानं माझा, गाणी गेली सगळी." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "अहो, तो नाय येणार. आज लग्नाचा मांडव हाय आमच्या पाहुण्यांत, तो तिथं फेटा बांधून बसलाय. त्याच्या ध्यानातबी नाय तुमचं. व्हिडिओ टाकला, लाइक मिळाले, संपलं. मला आत बसू द्या जरा."

खरं बोलत होता. ते तिला दिसत होतं. पस्तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेली बाई ती. पण तिच्या मागे दहा जणांचे श्वास थांबलेले होते, पाळक हातानं दार लावा, दार लावा अशी खूण करत होते. आणि कुणी याच्या मागावर आलं असेल तर? कुणी बोळाच्या तोंडाशी उभं राहून याचा आत जातानाचा फोटो काढत असेल तर? ती चहा पिणारी पोरं? एक फोटो, एवढंच लागतं.

"आज नाही," ती म्हणाली आणि दार लावलं. कडी घातली. वरचा बोल्टही सरकवला, जो कधी सरकवत नसत. तो गंजलेला होता, त्याला जोर लावावा लागला.

उपासना चालली. वाचन झालं, प्रवचन झालं, पाळक कशावर बोलले ते नंतर कुणालाही सांगता आलं नसतं. उल्काचं लक्ष दाराकडे होतं. बुलेट सुरू झाल्याचा आवाज आला नव्हता. तो बाहेरच होता. एकदा तिला वाटलं, उठावं, बोल्ट काढावा. दोनदा वाटलं. पण कुल्ले बाकाला चिकटले होते, भीतीनं जेवढे चिकटतात तेवढे.

आशीर्वचन झालं. कुणी उठेना. कचेरीच्या गृहस्थांनी फाइल मिटली. उल्काला म्हणाले, "आम्ही दोघं धरून अकरा लिहितो, बाई. याच्यापुढं माझ्या हातात नाही." आवाज मऊ होता. त्यांना अकरा वाजता खडकीला जायचं होतं. दार उघडा म्हणाले.

तिनं बोल्ट काढला, कडी काढली. दार उघडलं.

विश्वजीत भिंतीला टेकून बसला होता. दारापासून दोन हातांवर, कान लाकडाकडे केलेला. उठून उभा राहिला. रिकाम्या हातांनी अंगावरची धूळ झटकली.

"झालं का?" म्हणाला. "आतलं गाणं नीट ऐकू आलं नाय आज. पुढच्या रविवारी याच टायमाला ना?"

गृहस्थ चष्मा पुसत तिच्या मागे येऊन उभे राहिले. मनगटातला धागा त्यांनी बघितला, दाढी बघितली. हातातली फाइल नकळत छातीशी धरली.

"हे कोण?"

"माहीत नाही," उल्का म्हणाली.

"तुमच्याशी बोलतायत ना?"

"मंडईत आला असेल कुणी. मी ओळखत नाही."

कांताबाई दाराच्या चौकटीला धरून एक पाय उंबऱ्याबाहेर टाकत होत्या. तो पाय त्यांनी मागे घेतला. उल्काकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि ओठ हलवायला लागल्या.

विश्वजीतनं उल्काकडे आणि गृहस्थांकडे बघितलं. बूट घातले, फाटकाबाहेर गेला, बुलेटला किक मारली. पहिल्या किकला ती सुरू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्या किकपर्यंत सगळे दारातच उभे होते, कुणाला हलायची हिंमत होईना. मग आवाज सुरू झाला, बोळातून मंडईच्या कालव्यात गेला. तो पूर्ण विरेपर्यंत उल्का दाराची कडी घट्ट धरून उभी होती आणि बोळाच्या तोंडाकडे बघत होती.

तिकडून कुणीच येत नव्हतं.